धुतलेली हवा

कारखाना उभा राहण्याआधी तिथली हवा मोजतात, असं सांगितलं की लोकांना फार बरं वाटतं. मलाही वाटायचं. बडोद्याजवळच्या छाणीतल्या एका लहानशा कंपनीत मी वर्षानुवर्षं हेच काम केलं. आम्ही हवा मोजून अहवाल लिहायचा, त्यावर गावात लोकसुनावणी व्हायची आणि मग सरकार परवानगी द्यायचं. आधीची हवा जितकी स्वच्छ, तितकी नव्या धुराला जागा जास्त, अशी त्यातली साधी मेख. ती गावात कुणाला ठाऊक नसते आणि आम्ही होऊन कधी सांगत नाही.

दोनेक वर्षांपूर्वी बडोद्याच्या पूर्वेला, आदिवासी पट्ट्यातल्या एका वस्तीवर मी मशीन घेऊन गेलो. पांढरा दगड दळून पूड करणारा एक कारखाना तिथे आधीच होता. शेजारी दुसरा, मोठा येणार होता. मशीनला सलग चोवीस तास वीज लागते आणि वस्तीत भरवशाची वीज एकाच घरात होती, म्हणून ते त्या अंगणात बसलं. घरात एक बाई, साधारण माझ्याच वयाची, आणि तिचा नवरा. तो पूर्वी जुन्या कारखान्यात पोती भरायचा. आता खाटेवर बसून असायचा. चार शब्द बोलला की खोकायचा.

"भाई, आ शुं करे?" बाईनं मशीनकडे बोट दाखवलं.

"हवेतली धूळ मोजतं, बेन."

"आणि सरकारला सांगतं?"

"हो."

"मग सांगू दे बरोबर," नवऱ्याकडे बघत ती म्हणाली. "दुसरा कारखाना नको आम्हाला. यांचं झालं ते आणखी कुणाचं नको व्हायला."

दुसऱ्या दिवशी तिच्यासमोरच मी मशीनमधला गाळणीचा कागद काढला. घालताना पांढरा शुभ्र होता, निघाला तो राखाडी. तिचा चेहरा पडला. "हे आमच्या घरातलं?" मी हसत म्हटलं, "मग काय, तुमच्याच अंगणातलं!" गंमत म्हणून बोललो. मोठा आलो गंमत करणारा. तो पहिला कागद चाचणीचा म्हणून ऑफिसनं बाजूला काढला आणि खरं मोजमाप त्यानंतर सुरू झालं.

पुढचे कागद उजळ निघायला लागले. वारा बदलला असेल, असं मी धरून चाललो. आठवड्यातून दोनदा मशीन चालायचं. महिन्याभरानं एकदा ठरल्यापेक्षा लवकर पोचलो, तर अंगण ओलं चिंब. अंगणच काय, ट्रक जातात तो कच्चा रस्ता पार वळणापर्यंत भिजवलेला. चूल उचलून दिराच्या घरी नेलेली. रस्त्याच्या बाजूला दोरीवर तिच्या साड्या, पाणी निथळणाऱ्या, एकीला एक लावून पडद्यासारख्या टांगलेल्या. हातपंप खाली उतारावर होता. ती दोन हंडे घेऊन चढत होती.

"मशीन चालू असतं ना, त्या दिवशी मी सगळं चोख्खं ठेवते, भाई," ती धापा टाकत म्हणाली. "पहिल्या दिवशी फार लाज वाटली."

मला आधी हसू आलं. पाहुणे येणार म्हटलं की कारेलीबागेतल्या आमच्या घरी आई पायपुसणीसुद्धा बदलायची. तसंच होतं हे. फक्त इथे पाहुणा घरातली घाणच बघायला आला होता, आणि तेच तिच्या भल्याचं होतं.

साहेबांना सांगितलं. तेही आमच्यासारखेच बडोद्याचे मराठी. म्हणाले, "अरे, रीडिंग चोख्खं आलंय ना? मग कशाला माथाकूट? अंगणात पाणी मारायचं नाही असा कायदा आहे का?"

त्यानंतर कितीतरी वेळा मी त्या अंगणात गेलो. दर वेळी तिच्या हातचा चहा प्यायलो आणि गप्प बसलो. नोकरीची भीती होती हे खरंच. पण पांढरा कागद बघून ती इतकी खूश व्हायची की माझ्यानं बोलवत नसे, असं मी स्वतःला समजावत होतो. त्यात अर्धं खोटं होतं. पांढरा कागद मलाही सोयीचा होता.

सुनावणी शाळेच्या मैदानावर, मांडवात झाली. माझं गुजराती चांगलं, म्हणून अहवालाचा सारांश वाचायला मलाच उभं केलं. ती पहिल्याच रांगेत खाली बसली होती. तिच्या वस्तीतली हवा स्वच्छ असल्याचं मी वाचलं, तेव्हा तिनं शेजारणीला कोपरानं ढोसलं आणि माझ्याकडे बघून हसली. मग मी पुढचं वाक्य वाचलं: हवा स्वच्छ असल्यामुळे नवा कारखाना आला तरी धूळ मर्यादेतच राहील, सबब परवानगीस हरकत नसावी.

ती थोडा वेळ तशीच हसत होती. मग शेजारणीला काहीतरी विचारलं. मग मागे बसलेल्या एका मास्तरांना विचारलं. त्यांनी तिला समजावून सांगितलं, ते मला वाचता वाचता दिसत होतं. ती उठली आणि सरळ माझ्याजवळ आली. ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"भाई, सांगायचं ना," ती म्हणाली. "मी पाणी नसतं मारलं."

सुनावणीत माइकवर बोललेलंच लिहून घेतात. माइक माझ्या हातात होता. तो मी तिच्यापुढे धरला नाही. पान उलटलं आणि पुढचं वाचायला लागलो.