आधी कान, मग बांगडी

परतूरला माझ्या झेरॉक्सच्या दुकानाशेजारी मामा पंपाच्या जळालेल्या मोटरी नवी तार गुंडाळून भरून देतात. मळणीयंत्रात हात गेलेल्या त्यांच्या भाचीला थ्रीडी प्रिंटरवर छापलेला प्लास्टिकचा हात मिळाला, तेव्हा त्याला मोटर आणि पकडीचा जोर ठरवणारी डबी बसवायचं वेड त्यांनी घेतलं. दर नव्या डबीची पकड तपासायला त्या हाताच्या चिमटीत आधी स्वतःचा कान देत.

"मोटरीला अक्कल न्हाई, शिकवावी लागती," म्हणत लालभडक कान चोळत. मग काचेची बांगडी. कित्येक गेल्या, पण 'फुटली' कधी म्हणाले नाहीत, 'वाढली' म्हणाले.

काल भाचीनं त्या हातात बांगडी अलगद धरली आणि दुसऱ्या हातात चढवली. आम्ही ओरडलोच. तिनं वळून त्याच हातानं त्यांचा कान धरला.

"मामा, दुखून राह्यलं का?"

"बिलकुल न्हाई. धर अजून जरा."