आठ दिवसांच्या गोळ्या

परभणीच्या सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीतून गोळ्यांची डबी हातात आली, की कौशल्या ती कानाशी नेऊन खुळखुळ वाजवून बघायची, नारळ घेताना बाया बघतात तशी. भर रांगेत, सगळ्यांसमोर. मी मात्र डबी वाजू नये म्हणून आत कापूस कोंबायचे, वरचा कागद नखानं खरवडून काढायचे आणि मगच ती पिशवीच्या तळाशी घालायचे. पालमच्या बसमध्ये शेजारी कोण येऊन बसेल याचा नेम नसतो. पहिल्यांदा तिला पाहिलं तेव्हा वाटलं, बाई नवी आहे, आपल्याला काय झालंय हे हिला अजून उमगलेलं नाही. मग कळलं, की एचआयव्हीच्या गोळ्या ती माझ्याही आधीपासून घेत होती. तेव्हापासून मला तिचा हेवा वाटायला लागला.

ती चुडाव्याची. तिथल्या स्टेशनबाहेर तिची चहाची टपरी. नवरा तिला आजार देऊन वारला होता. मलाही तो नवऱ्याकडूनच आला, पण माझा नवरा आहे. म्हणजे खरं तर तिनं माझा हेवा करायचा! पण तिच्या गावाला सगळं ठाऊक होतं आणि तरी लोक तिच्या हातचा चहा पीत. माझ्या गल्लीला कळलं असतं, तर कुणी माझ्याकडे ब्लाऊज शिवायला टाकला नसता. रांगेत लोक तिची जागा धरून ठेवत. तिनं डबा उघडला, की चार हात तिच्या भाकरीकडे जात. माझी जवसाची चटणी तिच्यापेक्षा सरस असायची, पण विचारतो कोण? माझा नवरा तिला एकदाच भेटला आणि घरी येऊन म्हणाला, "लय मोकळी बाई हाय. तू का अशी घुमी राहतीस?" चार दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

एकदा खिडकीतून महिन्याऐवजी आठच दिवसांच्या गोळ्या आल्या. वरून पैसे कमी केलेत, असं आतल्या माणसानं सांगितलं. येण्याजाण्याचं भाडं मिळायचं, तेही बंद. दर आठवड्याला मजुरी बुडणार, आणि गाव विचारणार, ही सारखी परभणीला कशाला जाते? एखादी खेप चुकली तर गोळ्यांत खंड पडणार, आणि खंड पडला की आजार गोळीला दाद देत नाही, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. कौशल्या खिडकीत डोकं घालून म्हणाली, "साहेब, आजार जलमाचा अन् गोळ्या आठवड्याच्या? मंग आजार बी आठच दिवस ठिवा की!" रांग हसली. आतला माणूसही हसला. हे मला का सुचलं नाही, म्हणून मी पालम येईपर्यंत बसमध्ये जळत होते.

मग दर आठवड्याला ती रांगेतून फिरून सांगायला लागली, की कलेक्टर कचेरीवर जायचं. लोक घाबरत. "तोंड बांधून या, पदर घ्या, पर या," ती म्हणायची. "सरकारला तोंडं वळखायची न्हाईत, डोकी मोजायची हायेत." मला म्हणाली, "तू तर येच. तुझा राग लय कामाचा हाय." मी रागीट आहे, हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे.

गेलो. सगळ्यांची तोंडं स्कार्फात नाहीतर उपरण्यात. उघडं एकटं तिचं. एक अधिकारी बाहेर आले, त्यांनी तिचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला तर तुम्ही एकट्याच दिसता. बाकीचे पेशंट आहेत, हे मी कशावरून मानू?" कौशल्या मागं वळली नाही. वळली असती, तर तिची नजर कुणावर तरी पडली असती, आणि ते तिला नको होतं. ती नुसती उभी राहिली. सगळ्यांचे डोळे तिच्यावर, पेपरवाल्याचा कॅमेरा तिच्यावर. लोक नंतर म्हणाले, मी धाडस केलं. धाडस कसलं! हेही हिच्या एकटीच्याच वाट्याला जायचं का, एवढंच माझ्या मनात आलं, आणि मी स्कार्फ ओढून काढला. "मी बी पेशंट हाय. पालमची. कपडे शिवते. दर आठ दिसाला आले तर शिवू कवा, अन् न्हाई आले तर जगू कशी?" माझ्यामागं एका म्हाताऱ्यानं उपरणं सोडलं. बाकीचे तसेच राहिले.

पेपरात फोटो आला तो माझा. कौशल्याचा नुसता खांदा. मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण ते दुपारपर्यंतच टिकलं. मग गल्लीतल्या बाया न शिवलेली ब्लाऊजपिसं परत न्यायला आल्या, एकीनंही डोळ्याला डोळा दिला नाही. मी मशीन झाकून ठेवलं. त्यानंतर एका सकाळी कौशल्या माझ्या दारात उभी. आधी रेल्वे, मग एसटी करत आलेली, काखेत हिरवं ब्लाऊजपीस. पायरीवर बसून म्हणाली, "माप घे."

"आत ये की."

"आत कशाला? हितंच घे. दिसू दे गल्लीला." मी टेप लावली तशी हळूच म्हणाली, "सुरवातीला वरीसभर माझ्या चहाला कोन इचारत न्हवतं. सांच्याला सगळं दूध वतून द्यायची. पर टपरी उघडायची सोडली न्हाई. तू मशीन झाकू नको." माझे डोळे भरून आले होते, आणि तरी मनात आलंच, हे सुचायलासुद्धा हीच लागते.

काही महिन्यांनी महिन्याच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. भाडं काही मिळालं नाही. तरी आम्ही पेढे वाटले. त्याच दिवशी प्रत्येकाला नवी तारीख मिळाली. माझी वीस तारखेची, तिची महिनाअखेरची. तोंड गोड करण्याच्या नादात ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हापासून ती मला दिसलेली नाही. फोन केला तर मागं गिऱ्हाइकांचा गलका असतो, आणि माझ्या वाट्याला तिचं अर्धंच लक्ष येतं.

परवा रांगेत माझ्यापुढे एक अनोळखी बाई होती. घरात लग्न होतं, म्हणून या खेपेला लवकर आली होती. इकडं तिकडं बघत म्हणाली, "तुमची लाईन लय गुमसुम हाय बाई. आमच्या तारखेला कौशल्याबाई असत्यात. हसून हसून पोट दुखतंय."

इतक्या वर्षांत कौशल्याचा कधी वाटला नसेल, एवढा हेवा मला त्या बाईचा वाटला.