कॉम्प्युटर कॉमेंट वाचत नाही

"तिचं कन्फर्मेशन थांबवा," देसले सर मला म्हणाले. माधुरी समोरच बसली होती, तरी 'तिचं'!

द्वारका चौकाजवळ आमचं ऑफिस आहे. नेटवर्कच्या डब्यांमध्ये जी ऑपरेटिंग सिस्टिम चालते, ती आम्ही लिहितो. देसले सर आमचे मॅनेजर, मी टीम लीड. माधुरी येवल्याची, हुशार, तिचं प्रोबेशन संपत आलेलं. त्या दिवशी सकाळी नामपूरच्या एका कांदा व्यापाऱ्याचा फोन आला. त्याच्या खळ्यावरचा वजनकाटा आमच्या डब्यातून कॉम्प्युटरला जोडलेला आहे.

"साहेब, लाइट गई का तुमना डबा बंद पडस! आठे ट्रॅक्टरस्नी लाइन लागेल शे!"

लाइट गेली की नेटवर्क तुटतं, डबा मात्र बॅटरीवर चालू असतो. मग सिस्टिमला आवराआवर करावी लागते आणि तिला क्रम असतो. आधी नवी पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, येणं बंद करायचं, मग चालू टायमर थांबवायचा. मेमरी परत करायची ती अगदी शेवटी. टायमर चालू असतानाच मेमरी परत केली, तर तो नसलेल्या जागेत हात घालतो आणि डबा कोसळतो. मांडव उतरवताना आधी पंगत उठू देतात, खांब नंतर काढतात, तसंच हे.

माधुरीने हा क्रम उलटा केला होता, हे खरं. पण का?

"सर, वर कॉमेंट होती, आधी मेमरी मोकळी करा, मग टायमर थांबवा," ती म्हणाली. "मला वाटलं कोडच चुकलाय. मी तुम्हाला विचारलं पण होतं."

कॉमेंट म्हणजे कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेली टीप. ही टीप खुद्द देसले सरांची. मागे कुणीतरी कोड दुरुस्त केला, टीप मात्र तशीच राहिली. कारण आमच्याकडे साहेबांच्या कॉमेंटला कुणी हात लावत नाही. कोड खुशाल बदला, साहेबांचं वाक्य देव्हाऱ्यात! आणि माधुरीचा बदल तपासून ओके दिला कुणी? सरांनीच. माझं डोकंच फिरलं.

मी क्रम सरळ केला आणि सोबत कॉमेंटही बदलली: 'आधी टायमर थांबवा. तो याच मेमरीला हात लावतो, म्हणून मेमरी शेवटी.'

सरांनी ते पाहिलं. "कॉमेंट कशाला बदलली? कॉम्प्युटर थोडाच कॉमेंट वाचतो?"

"कॉम्प्युटर नाही वाचत, सर. माधुरी वाचते. आणि वाचलं म्हणून तुम्ही तिची नोकरी घालवताय."

"आवाज खाली."

"कॉमेंट तुमची, ओके तुमचं आणि चूक तिची? चोर सोडून संन्याशाला फाशी! कन्फर्मेशन थांबलं, तर मी हे सगळं एचआरला दाखवणार."

सरांनी दुरुस्तीला ओके दिलं आणि ती नामपूरच्या डब्यात गेली. संध्याकाळी व्यापाऱ्याचा निरोप आला, लाइट जाऊन आली तरी काटा चालू आहे. आठवड्याभरात माधुरीचं कन्फर्मेशनही झालं. माफी वगैरे कुणी मागितली नाही. सरांनी तिला फक्त उपदेश केला, "पुढच्या वेळी कॉमेंटवर डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस."

"बरं, सर," माधुरी शांतपणे म्हणाली. "पण मग तुम्ही लिहिता कशाला?"

तेव्हापासून सर कॉमेंटमध्ये कारणही लिहितात.