एकच पिन

पद्मिनी मूळची नागपूरची. अमेरिकेत ट्रॉयला आली आणि किडनीची डॉक्टर म्हणून तिची सगळी हयात तिथेच गेली. दिवसभर डायलिसिसच्या खुर्च्यांमधून फिरायचं. कुणाचं औषध बदलायचं, कुणाच्या मुलांना बाजूला घेऊन आता फार आशा धरू नका म्हणून सांगायचं. पन्नाशीत असताना युनिटमधल्या जोअॅन नावाच्या नर्सने तिला हरणाच्या शिकारीला आपल्या शेतामागच्या रानात नेलं आणि झाडावरच्या मचाणावर बसवलं. हरीण काही आलं नाही. पण सकाळभर कुणी पद्मिनीला एकही प्रश्न विचारला नाही, आणि तेवढ्यासाठी ती पुन्हा गेली. मग धनुष्य आलं, शिकारीचं लायसन्स आलं, गॅरेजमध्ये मांसासाठी वेगळा फ्रीजर आला. नवरा श्रीराम पुण्याचा, अंडंही न खाणारा. तो फ्रीजर कधी उघडत नसे, पण त्यावरून बोललाही नाही.

गेल्या नोव्हेंबरात उजेड कमी होत असताना हरणाची एक मादी तिच्यासमोर आली. नेम धरायला धनुष्यावर साइट बसवलेली असते. पद्मिनीच्या साइटमध्ये एकाखाली एक अशा रंगीत पिना होत्या, प्रत्येक अंतराला वेगळी. साठीतल्या डोळ्यांना त्या एकमेकींत मिसळलेल्या दिसल्या. मादी लांब होती आणि पद्मिनीने जवळची पिन धरली. बाण खाली गेला, पायाला लागला आणि मादी लंगडत झाडीत शिरली. दुसऱ्या दिवशी श्रीरामही शोधायला आला. ओढ्यापर्यंत रक्त दिसलं, पुढे काही नाही.

त्यानंतर धनुष्य गॅरेजमधल्या खुंटीवर राहिलं. ती आठवड्यातले मोजकेच दिवस काम करू लागली होती, तरी घरी येऊन कोट न काढता सोफ्यावर बसून राही. सप्टेंबरात श्रीराम म्हणाला, "एक तर ते धनुष्य विकून टाक, नाहीतर नीट करून घे. गॅरेजमध्ये जाताना तू मान फिरवतेस."

"मला दोन्हीचा कंटाळा आलाय."

"मी ड्राइव्ह करतो. तू नुसती बस."

धनुष्यबाणांच्या दुकानाचा मालक वॉल्टर तिला बरीच वर्षं ओळखत होता. त्याने काउंटरवर साइट मांडल्या. एकीत पाच पिना, एकीत तीन. एकीत पिन एकच, पण बाजूचं चाक फिरवून ती हव्या त्या अंतराला लावायची.

"डॉक्टर, तुमच्यासाठी ही चाकाची उत्तम," तो म्हणाला. "पिन एकच, त्यामुळे घोटाळा नाही."

त्याने ती धनुष्याला लावून दिली आणि पद्मिनीने धनुष्य उचलून डोळ्यासमोर धरलं. पिन स्पष्ट दिसत होती. तिने चाक पुढे-मागे फिरवलं आणि धनुष्य खाली ठेवलं.

"म्हणजे हरीण समोर असताना मी हे फिरवत बसायचं? आणि ते पाऊलभर सरकलं की पुन्हा फिरवायचं?"

"सवय होते."

"वॉल्टर, दिवसभर मी तेच करते. काय वाढवू, काय कमी करू. एकच पिन दे, न हलणारी. वीस यार्डांवर लाव."

"लांबची सगळी हरणं मग सोडावी लागतील."

"जाऊ देत."

वॉल्टरने मागच्या खोलीतून साधी, बिनचाकाची साइट आणून बसवली. दुकानामागच्या सरावाच्या रेंजवर ती खांदा भरून येईपर्यंत बाण मारत राहिली. श्रीराम बाकावर बसून फोन बघत होता.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी जोअॅनच्या रानात मोठ्या शिंगांचा नर आला आणि शेताच्या कडेला उभा राहिला. एवढा नर तिने आजवर पाहिला नव्हता. तो वीस यार्डांच्या बराच पलीकडे होता. पद्मिनीने धनुष्य मांडीवरून उचललंच नाही. तो चरून निघून गेला तेव्हा तिला हळहळ वाटेल असं वाटलं होतं, पण मन हलकं झालं.

बऱ्याच वेळाने एक मादी ओकच्या झाडाखाली आली, अगदी मचाणाजवळ. पद्मिनीने दोर ओढला. खांदा दुखत होता. मादी आडवी होईपर्यंत तिने तो तसाच धरून ठेवला. पिन फासळ्यांमागे येऊन थांबली. बाण सुटला. मादी थोडी धावली आणि तिच्या नजरेसमोरच कोसळली.

पद्मिनी खाली उतरली. पानांत बसून तिने मादीच्या मानेवर हात ठेवला. आनंद वगैरे काही झाला नाही. हिला फार वेळ लागला नाही, एवढंच तिच्या मनात आलं. मग तिने श्रीरामला फोन केला.

तो बर्फ साफ करायचे जुने बूट घालून आला. मादीकडे न बघता त्याने मागचे पाय धरले.

"तू आतडी-बितडी काढून पोट साफ केलंस ना?"

"हो. तू कशाला हात लावतोस? जोअॅन येईल."

"तुझा खांदा बघ जरा. खाणार नाही मी, पण ओढायला काय होतंय."

मादीला ओढत दोघं थांबत थांबत पिकअप ट्रकपर्यंत आली. श्रीरामने बाटलीतल्या पाण्याने हात चोळून चोळून धुतले आणि तिच्याही हातांवर पाणी ओतलं. पुढच्या वर्षी येणार का, असं त्याने विचारलं. माहीत नाही, ती म्हणाली. ट्रक मोठ्या रस्त्याला लागायच्या आत खिडकीला डोकं टेकून तिला झोप लागली.