वाफेवर ठोकलेलं झाकण

ज्या गावात जमिनीतून उकळती वाफ वर येते, त्या गावानं दिव्यासाठी डिझेलची वाट का पाहावी?

तंजावरच्या जुन्या बसस्टँडमागे मी रोज ज्यांच्याकडे इडली खातो, त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. भांड्याचं झाकण उचललं की ते वाफेवर क्षणभर तळहात धरतात, मगच इडल्या काढतात. ही सवय लडाखची. तिथे भूगर्भातल्या उष्णतेवर वीज करायला विहीर खोदत होते, त्या छावणीत हे स्वयंपाकी होते. वाफ निघाली तेव्हा त्यांनी तिच्यावरच इडल्या उकडून गावाला वाढल्या. गंधकाचा वास आला, तरी गावानं खाल्ल्या.

"दवाखान्यात दिवा कधी?" तिथल्या नर्सबाईंनी यांना विचारलं. जनरेटर बंद पडला की त्या मोबाइलच्या उजेडात बाळंतपण करतात. प्रकल्पाच्या साहेबांनी सांगितलं होतं तेच यांनी सांगितलं, पुढच्या हिवाळ्यात. मग वीज न करताच साहेबांनी विहिरीवर लोखंडी झाकण ठोकलं आणि छावणी उठली.

"त्या नर्सचा फोन अजून येतो, तंबी," इडलीवाले मला म्हणाले; तंबी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ.

"साहेबांना लावायला सांगा की," मी चिडून म्हणालो.

"त्यांचा नंबर कुठे आहे तिच्याकडे? तिला इडलीवालाच ठाऊक. खोटं त्यांचं, पण तोंड माझं होतं."

लाजतो हा माणूस, आणि ज्यांनी लाजायचं ते नव्या प्रकल्पांची भाषणं ठोकत फिरतात. तुमच्या खासदाराला आजच पत्र लिहा. लडाखच्या त्या विहिरीची वीज दवाखान्याला कधी मिळणार, एवढंच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहा.