गालिचामामाची फरशी

माझ्या मोठ्या भावाला घरात सगळे गालिचा म्हणतात. लहानपणी एकदा मांजरीनं बैठकीत घाण केली. दादानं ती पुसण्याऐवजी तिच्यावर गालिचा सरकवला आणि आलेल्या पाहुण्यांना नेमकं तिथंच बसवलं. पाहुणे बराच वेळ एकमेकांकडे संशयानं बघत होते. शेवटी वडिलांनी गालिचा उचलला आणि दादाला जन्माचं नाव मिळालं.

पुढे त्यानं धंदाही तोच निवडला. दुकानं, दवाखाने, बसगाड्या, जिथं जमीन खराब झाली असेल तिथं वरून व्हिनाइलची, म्हणजे जाड प्लास्टिकच्या पट्ट्यांची, फरशी अंथरून द्यायची. हात फार सफाईदार. दोन पट्ट्यांमधला सांधा शोधून सापडणार नाही. पण त्याखाली काय आहे, हे बघायला तो कधी वाकला नाही. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हे त्याचं ब्रीद. दात किडला तर त्या बाजूनं हसणं बंद करील, दाखवायला जाणार नाही. वहिनीशी भांडण झालं की माफी मागत नाही, नवा पडदा आणतो. वहिनी म्हणते, “आमच्या घराला खिडक्यांपेक्षा पडदे जास्त आहेत.”

स्वभावानं वाईट नाही. कुणाच्याही हाकेला धावून जातो. पण त्याच्या या सवयीची मला किळस येते, आणि हा शब्द मी विचार करून वापरते आहे. आईच्या शेवटच्या वर्षांत तिच्या खोलीत जमिनीतून ओल यायची. दादानं एका संध्याकाळी हिरव्या चौकड्यांची फरशी अंथरली. काय कौतुक झालं! आई खोकत राहिली. ती गेल्यावर आम्ही पलंग हलवला आणि फरशीचा कोपरा उचलला, तर ती पचपचत सुटली. खाली काळा चिकट थर होता आणि त्यात गोमी. आईचा खोकला त्यामुळेच होता असं कुठल्या डॉक्टरनं सांगितलं नाही. मलाही ठामपणे म्हणता येणार नाही. पण तेव्हापासून कुणाच्याही घरी गेले की मी पायपुसणं उचलून बघते.

आणि आता माझी लेक. तिला लहानपणापासून दमा. गावोगावच्या शाळांत जाऊन मुलांचे कान तपासायची नोकरी तिला लागली आणि राहण्यासाठी तिनं एक जुनं मोटारहोम घेतलं. म्हणजे चाकांवरची एक खोलीच. एका टोकाला पलंग, मध्ये शेगडी, मागे संडास. गाडीत शिरलं की कुबट वास यायचा. दादा म्हणाला, “फरशी माझ्याकडून. मामाची भेट.”

दोन दिवसांत गाडी परत आली. आत शिसवी लाकडासारखी चकाकणारी फरशी! सगळे वाहवा करत होते. मी आत जाऊन संडासाच्या दाराशी उभी राहिले आणि पाय किंचित आत गेला, फुगलेल्या पावावर ठेवावा तसा.

“दादा, जुनी फरशी काढलीस ना?”

“काढायची कशाला? तिच्यावरच बसवली. दुप्पट जाड, दुप्पट मजबूत.”

“आणि हा वास?”

“नव्या डिंकाचा. जाईल चार दिवसांत.”

“डिंकाला मोरीचा वास येतो?”

“छोटे, तुझं नाकच संशयी. अगदी आईवर गेलीस.”

“आईवर गेले असते तर खोकत बसले असते.”

मग लेक म्हणाली, “मामा, आज तूच झोप गाडीत. दारं-खिडक्या लावून. सकाळी तू ठणठणीत असलास तर मी अशीच निघते. नाहीतर सगळी फरशी उपटायची. कबूल?”

“त्यात काय! राजासारखा झोपेन.”

सकाळी मी चहा घेऊन गेले, तर राजेसाहेब गाडीबाहेर पालथ्या बादलीवर घोंगडी गुंडाळून बसलेले. डोळे लाल.

“मस्त झोप लागली,” म्हणाला, आणि खोकला.

पलंग त्याला आखूड पडला म्हणून तो गादी खाली टाकून झोपला होता. मी गादी उचलली. ती खालून वरपर्यंत भिजलेली होती. ज्या सांध्याचा त्याला एवढा अभिमान, त्याच सांध्यातून त्याच्या वजनानं रात्रभर काळं पाणी वर आलं होतं.

लेक दारातून म्हणाली, “मामा, पाठीला हात लाव.”

त्यानं बनियनला हात लावला, बोटं हुंगली आणि पटकन विजारीला पुसली. “घाम असेल.”

“काळा?”

मी लेकीला बाहेरच थांबवलं आणि दादाच्या हातात पटाशी दिली. तोंडाला फडकी बांधून आम्ही दोघं बहीणभाऊ आत शिरलो. आधी त्याची नवी फरशी निघाली. खाली तपकिरी जुनी. तिच्याखाली कुणीतरी अंथरलेली सतरंजी, तीत केस, कापलेली नखं, वापरलेली मलमपट्टी आणि मूठमूठ मेलेली झुरळं. जगात गालिचा एकटा नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं. आधीच्या प्रत्येक मालकानं घाणीवर एकेक थर चढवून गाडी पुढच्याच्या गळ्यात मारली होती. सगळ्यात खाली प्लाय होता. तो ओल्या पावासारखा हातात येत होता. संडासाचा नळ कोण जाणे कधीपासून गळत होता. एवढ्या दिवसांत कुणाकुणाचं काय काय त्यात मुरलं असेल, हा विचार मला करायचा नव्हता, पण तोच माझा पिच्छा सोडत नव्हता. एक तुकडा उलटला तर खाली पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

दादानं बाहेर उडी मारली आणि चाकाशेजारी भडाभडा ओकला. चूळ भरली. मग इकडे तिकडे न बघता शेजारचं रिकामं पोतं उचललं आणि ओकारीवर अंथरलं. कडासुद्धा सारख्या केल्या!

लेक तिथंच उभी होती. ती हसली नाही.

“मामा.”

“राहू दे गं. सुकेल.”

“आत मला रोज झोपायचंय, मामा.”

तो पोत्याकडे बघत उभा राहिला. पोत्यातून आता ओल वर येऊ लागली होती. मग त्यानं तोंड वाकडं करून दोन बोटांत पोतं धरलं, लांब फेकलं, बादली आणि खराटा आणला आणि जमीन लख्ख होईपर्यंत धूत राहिला. स्वतः अंथरलेलं काही दादानं आपण होऊन उचललेलं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. त्यानंतर फडकं पुन्हा नाकावर बांधून तो माझ्याआधी आत शिरला.

लोखंडी सांगाडा उघडा पडेपर्यंत आम्ही खरवडलं. नळाचा सांधा बदलला. गंजलेलं घासून रंग दिला. दारं सताड उघडी ठेवून गाडी उन्हात वाळवली. दादाला रोज वाटायचं, आता झालं, घालू या. लेक आत तळहात फिरवायची आणि ‘अजून ओल आहे’ म्हणून मान हलवायची. मगच नवा प्लाय आणि सर्वांत शेवटी व्हिनाइल. सगळा वेळ त्याची कुरकुर चालूच.

“खाली कोण बघायला जातंय?”

“मी,” मी म्हणायचे.

लेक निघाली त्या दिवशी संडासाच्या दाराशी एक नवं कोरं पायपुसणं दिसलं. पुढच्या सीटवर बसलेली लेक आरशातून माझ्याकडे बघत होती. मी पायपुसणं उचललं. खाली फरशीत दादानं चौकोनी झाकण कापलं होतं, बोट घालून उचलता येईल असं. झाकणाखाली नळाचा नवा सांधा दिसत होता.

“बघायचं तर बघ बाई,” दादा दाराबाहेरूनच म्हणाला. नाकाला रुमाल होताच. “मी नाही बघणार.”

मी आत हात घातला. कोरडं होतं. बोटं नाकाशी नेली, कसलाच वास नव्हता. तरी पुन्हा एकदा घातला.