लिव्हरवरचा दुसरा हात

परवापर्यंत ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नव्हती. पत्नीला नाही, ज्यांच्या शेजारी बसून अर्धे आयुष्य आकाशात काढले त्या सोबत्यांना नाही – आणि खरे सांगायचे तर स्वतःलाही कधी पूर्ण वाक्यात सांगितली नव्हती. मनात ती यायची ती अर्धीच. उरलेल्या अर्ध्या भागापाशी आलो की मी दुसऱ्या कशाचा तरी विचार करू लागे. तुम्हालाही असे जमते का? मला फार चांगले जमत होते.

मी वैमानिक आहे. लहान शहरांना जोडणारी, पंख्यांवर चालणारी विमाने चालवतो – चालवत होतो, असे आता म्हणायला हवे – आणि नव्या सहवैमानिकांना शिकवत होतो. राहतो खारघरला. उलव्याच्या बाजूला नवा विमानतळ सुरू झाल्यापासून सोसायटीत माझी किंमत वाढली आहे. लिफ्टमध्ये कोणी ना कोणी गाठतोच. मुलाला पायलट करायचे आहे, परवाना तर दोनशे तासांच्या उड्डाणावर मिळतो म्हणतात, मग कंपन्या घेत का नाहीत? नेमके किती तास हवेत?

या प्रश्नाचे माझे उत्तर अनेक वर्षे तयार होते. दोनशे तासांत हाती कागद येतो, वैमानिक तयार होत नाही, असे मी म्हणे. कंपनीच्या बैठकांतही मी सतत तास वाढवण्याच्या बाजूने बोललो. आणि बोलताना, पुढे इंटरनेटवरच्या व्हिडिओंतही, नेहमी एक उदाहरण देत असे. नवी सहवैमानिक, घाटमाथ्यावरची आखूड धावपट्टी, उतरता उतरता तिने घाईने पॉवर काढली आणि विमान आपटले. मी तिचे नाव घेत नसे. नाव न घेणे हाच मला माझा सभ्यपणा वाटत होता.

तिचे नाव प्रज्ञा साळवे. ते इथे लिहू का, असे मी तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "आता लपवून काय होणार आहे, सर?"

ती दिघ्याची. वडील महापे औद्योगिक वसाहतीत फिटर होते. शिष्यवृत्तीवर ती उड्डाण शिकली, परवाना मिळवला, आणि तेव्हा आमच्या कंपनीला माणसांची निकड होती म्हणून दोनशेहून थोड्याच अधिक तासांवर तिला घेतले गेले. पहिल्या दिवशी वडील तिला सोडायला आले होते. कर्मचाऱ्यांच्या दरवाजापाशी त्यांनी मला गाठले. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा डबा. म्हणाले, "साहेब, पोरगी आता तुमच्या हाताखाली. आमाला काय टेन्शन नाय." मागे उभी असलेली प्रज्ञा संकोचून म्हणाली, "पप्पा, बस ना आता." मी एक पेढा घेतला. मला आठवते, मी त्यांना म्हणालो होतो – काळजी करू नका.

तुम्हाला आमच्या कामातली एक रीत सांगतो. तिच्यावाचून पुढचे कळणार नाही. विमानात सुकाणे दोन असतात, पण विमान एका वेळी एकाच्याच हाती असते. दुसऱ्याला ते घ्यायचे असेल तर त्याने मोठ्याने म्हणायचे – 'आय हॅव कंट्रोल'. पहिल्याने हात सोडून तितकेच स्पष्ट उत्तर द्यायचे. हे शब्द उच्चारल्याशिवाय कोणी कशालाही हात लावत नाही. मी स्वतः हे किती जणांच्या अंगी बाणवले असेल! आणि तरीही जुन्या कॅप्टनांना एक खोड असते. शब्द न उच्चारता हळूच हात घालण्याची. त्याला आम्ही मदत म्हणतो.

अपघाताच्या दिवशी विमान प्रज्ञाच्या हाती होते. धावपट्टी आखूड होती. थोडे पुढे जाऊन टेकलो असतो तरी चालले असते, पण मला वाटले, ही फार लांब नेते आहे. मी काही बोललो नाही. तिची बोटे पॉवरच्या लिव्हरवर होती. मी त्यांवर माझा हात ठेवला आणि लिव्हर मागे ओढला. पंख्यांचा वारा पंखांवरून वाहत असतो तोवर असे विमान तोललेले राहते. तो अचानक काढून घेतला की ते खाली बसते. आम्ही अजून बरेच उंच होतो. विमान आपटले. चाकांचा एक भाग वाकला, एका वृद्ध बाईंच्या पाठीला मार बसला, बाकीचे घाबरून उतरले. विमान तिथेच अडकून पडले.

हे अर्धे झाले. एवढेच असते तर मी याला चूक म्हणालो असतो.

कंपनीने चौकशी केली. ध्वनिमुद्रण ऐकले गेले. त्यात काहीच नव्हते, कारण मी काहीच बोललो नव्हतो. लिव्हर मागे आल्याची नोंद यंत्रात होती, पण तो कोणाच्या हाताने आला हे यंत्राला कळत नाही. मला विचारले – तुम्ही हस्तक्षेप केला होता का? मी नाही म्हणालो. भीतीने म्हणालो असेन. पण तिची साक्ष झाल्यावर मला पुन्हा बोलावले. चौकशी करणारे गृहस्थ माझ्या ओळखीचे होते, चहा मागवला होता. सहज विचारावे तसे म्हणाले, "मुलगी म्हणते, लिव्हरवर तुमचा हात होता."

तेव्हा विचार करायला वेळ होता. चहा पुढ्यात होता. मी म्हणालो, "नवीन आहे. घाबरलेल्या माणसाला असे भास होतात."

त्यांनी मान डोलावली. तिचे तास कमी होते, माझे पुष्कळ. कोणाचे खरे मानायचे, हा प्रश्नच त्यांना पडला नाही. मलाही ते ठाऊक होते, म्हणूनच तर तसे बोललो. मी तिच्यावर नुसता दोष ढकलला नाही. तिने स्वतःच्या बोटांनी अनुभवलेले मी खोटे ठरवले. याला काय म्हणायचे? मी अजून शब्द शोधतो आहे.

प्रज्ञाची उमेदवारी संपवण्यात आली. पुढे कंपनीने नव्या सहवैमानिकांसाठी तासांची अट वाढवली, आणि त्या ठरावाच्या बाजूने मीच सविस्तर बोललो. तिच्यासारखी आणखी किती मुले त्या अटीने बाहेर राहिली असतील?

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "सर, मी प्रज्ञा साळवे बोलतेय." तिने सांगितले की ती आता खारघरलाच, वैमानिकांच्या परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या वर्गात हवामानशास्त्र शिकवते. "पोरं सारखं एकच विचारतात, तास किती लागतात. मी सांगितलं तर त्यांना पटत नाही. तुम्ही सांगितलं तर पटेल." आवाजात राग नव्हता. मग ती म्हणाली, "तुमचं ते उदाहरण द्या, सर. पोरांनी व्हिडिओत ऐकलंय."

तिलाही ठाऊक होते तर. मी येतो म्हणालो, आणि फोन ठेवताना मनाशी ठरवले की या वेळी पूर्ण सांगायचे.

वर्ग परवा होता. त्या सकाळी मी आधी कंपनीत गेलो. माझ्या वरिष्ठांना सगळे सांगितले, हात आणि चहा दोन्ही. त्यांनी विचारले, "आता इतक्या वर्षांनी कशाला?" मी म्हणालो, चौकशी पुन्हा उघडा, तिच्यावरचा ठपका काढा, मी लागेल तिथे सही करतो. मला उड्डाणांवरून उतरवण्यात आले आहे. ते योग्यच आहे.

दुपारी वर्गात गेलो. लहानशी खोली, बाकांवर दाटीने बसलेली मुले-मुली. प्रज्ञाने माझी ओळख करून दिली, माझ्या एकूण तासांचा आकडाही सांगितला, आणि मागच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. एका मुलाने सुरुवातीलाच हात वर केला. "सर, आमचे दोनशे तास होतात तर कोण विचारत नाही. माझा मामा रिक्षा चालवतो, त्याचे तर विमान उडवण्याइतके तास झाले असतील." वर्ग हसला. मलाही हसू आले, आणि त्या हसण्याने थोडे सोपे झाले.

मी म्हणालो, तास लागतात. ते कमी करा असे मी सांगायला आलेलो नाही. ढग, वारा, आखूड धावपट्टी हे सगळे हाताखालून गेलेच पाहिजे, आणि दोनशे तासांत ते जात नाही. पण मी तुम्हाला आजवर एक उदाहरण ऐकवत आलो. त्या विमानात दोघे होतो. ज्याचे तास अधिक होते त्याने चूक केली, आणि त्याच तासांच्या जोरावर तो खोटा बोलला. तास मोजा, पण कॅप्टन चुकत असेल तर त्याला थांबवायला तुम्हाला कोणी शिकवले का, आणि थांबवल्यावर ऐकून घ्यायला त्याला कोणी शिकवले का, हेही नोकरी देणाऱ्यांना विचारा. ती मुलगी बोलली होती. ऐकले नाही ते आम्ही.

काहींनी मागे वळून पाहिले. त्यांना कळले होते. प्रज्ञा भिंतीपाशी तशीच उभी होती, हाताची घडी घालून. तिच्याकडून काहीही मागायचे नाही, तिने काही बोलावे अशी अपेक्षाही धरायची नाही, एवढे मी घरून निघतानाच ठरवले होते. बाकांमधून चालत तिच्यापर्यंत गेलो. आवाज माझा मुळातच हळू आहे; पण हे शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायला हवे होते, म्हणून मोठ्याने म्हणालो –

"प्रज्ञा, त्या दिवशी तुझ्या हातावर माझा हात होता. लिव्हर मी ओढला. तुला भास झाला नव्हता. तू खरं सांगितलंस आणि मी तुला खोटं ठरवलं, आणि नंतर तेच खोटं जागोजागी सांगत फिरलो. तुझ्या वडिलांना मी काळजी करू नका म्हणालो होतो. मी तुमची दोघांची माफी मागतो."